जाऊबाई आणि बिटाचा शर्ट

आमच्या जाऊबाईंना नवीन माणूस भेटला की त्या त्याच्या तोंडाकडे बघत नाहीत, बाहीकडे बघतात. बाही दोन बोटांत धरतात, उलटी करतात, शिवणीच्या आत लपलेला रंग तपासतात आणि मग नाव विचारतात. मी या घरात आले त्या दिवशी त्यांनी माझ्या ओढणीचं टोक ओलं करून पांढऱ्या रुमालावर घासलं, रुमाल उजेडात धरला आणि म्हणाल्या, "कच्चा आहे." त्या रंगाबद्दल बोलत होत्या हे मला कळत होतं. तरी पुढची वीस वर्षं मी ते माझ्याबद्दलच धरून बसले. मी अशीच आहे, मनाला लावून घेणारी, आणि ते लपवायलाही मला जमत नाही.

घर एकच. खाली जाऊबाई आणि भाऊजी, वर मी आणि आमचे हे, आणि मागच्या अंगणात पत्र्याची शेड. त्या शेडमध्ये जाऊबाई झाडपाल्याचा रंग करतात. डाळिंबाची सालं, कांद्याची सालं, मंजिष्ठेच्या मुळ्या, झेंडूची सुकलेली फुलं, निलगिरीची पानं. फळांच्या रसाचं दुकान चालवणारा आमच्यासाठी डाळिंबाच्या सालांची पिशवी बाजूला ठेवतो. भाजीवालीला तर आम्ही दिसलो की ती कांद्याच्या सालांचं पोतंच पुढे करते, आणि कांदे मागितले की दचकते. एका कोपऱ्यात झाकण लावलेली बरणी असते, तिच्यात गंजलेले खिळे आणि व्हिनेगर. हे लोहपाणी. डाळिंबाच्या पिवळ्या कापडावर ते पडलं की कापड बघता बघता काळपट राखाडी होतं. जाऊबाईंची नखंही त्याच रंगाची आहेत. बँकेतल्या बाईने एकदा त्यांना आजार कोणता आहे ते हळूच विचारलं होतं.

मी त्या शेडमध्ये जात नसे. मी वाचनालयात काम करते, माझे हात स्वच्छ असतात आणि नाकाने कांदे सोलायची मला सवय आहे. शेडमध्ये ते नाकाजवळ नेऊन उकळतात, एवढाच फरक.

आता भाऊजी. भाऊजी जमिनीच्या मोजणीच्या कामावर आहेत. तिपाईवर दुर्बीण लावायची, पलीकडे एकाने पट्टेरी काठी धरून उभं राहायचं आणि यांनी डोळा बारीक करून आकडे सांगायचे. उघड्या माळावर दिवसभर वाकून उभं राहणारा हा माणूस त्यात इतका सुखी आहे, की जेवायची सुट्टी झाली तर त्यांना कोणी अपमान केल्यासारखं वाटतं. तीस वर्षं असं चाललं. मग गेल्या वर्षी एका दुखण्यावर त्यांना गोळ्या सुरू झाल्या आणि त्या गोळ्यांनी त्यांच्या कातडीला ऊन सोसेनासं झालं. चेहऱ्याला टोपी होती, हाताला मलम होतं. पण दुर्बिणीवर वाकलं की पाठ सरळ सूर्याला, आणि अंगात काय, तर पातळ पांढरा सुती शर्ट. पाठीवर लाल चट्टे उठले आणि साल निघायला लागली.

डॉक्टरीणबाईंनी शर्ट उजेडात धरला. पलीकडची खिडकी दिसली, खिडकीतलं झाडही दिसलं.

"हे कापड नाही, चाळण आहे," त्या म्हणाल्या. "घट्ट विणीचं, गडद रंगाचं घाला. दोन महिन्यांनी मी पाठ बघेन. चट्टे परत दिसले तर तुमच्या ऑफिसला पत्र देणार. मग माळावरचं काम बंद. कायमचं."

कायमचं म्हणजे रेकॉर्ड रूम. तळघरातली खोली, तिला एकच खिडकी आणि त्या खिडकीपुढे कपाट. चट्टे बरे होईपर्यंत भाऊजींना पंधरा दिवस तिथे बसवलं होतं. पंधरा दिवसांत त्यांनी घरी येऊन घराची मोजणी केली. स्वयंपाकघर एका बाजूला चार सेंटिमीटर अरुंद आहे हे त्यांनी आम्हाला सांगितलं. पलंग भिंतीला समांतर नाही म्हणून रोज झोपण्याआधी सरकवायला लागले. शेडमध्ये जाऊन पातेल्यांमधली अंतरं सारखी केली. जाऊबाईंनी तिसऱ्या दिवशी जाहीर केलं, "हा माणूस असाच राहिला तर या घरात एक तर ते राहतील, नाही तर मी. आणि पातेली माझी आहेत, म्हणजे मीच." आम्ही खूप हसलो. त्या हसल्या नाहीत, पण ते माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

तर आता भाऊजींसाठी ऊन अडवणारा शर्ट करायचा ठरला. जाऊबाईंना ठाऊक होतं की डाळिंबाच्या सालीतला तुरट अर्क कापडात मुरला की ऊन बरंच थोपतं, आणि वर लोहपाणी दिलं की रंग आणखी गडद होतो. पण कुठल्या कापडावर, किती गडद आणि कशाच्या जोडीला, हे त्यांना बघायचं होतं. अंदाजाने माझ्या माणसाची पाठ भाजू देणार नाही, असं त्या म्हणाल्या. प्रयोग करायला हवा होता, आणि प्रयोगाला पाठ हवी होती.

आमच्या घरात मोकळी पाठ एकच. आमच्या ह्यांची. ती रुंद आहे, गोरी आहे आणि रविवारी दुपारी तिला दुसरं काहीही काम नसतं.

"वहिनी, मला झोपू देणार असाल तर काय वाट्टेल ते करा," हे म्हणाले.

सोळा चौकोन ठरले. चार ओळी, ओळीत चार. पंधरा जाऊबाईंचे. सोळावा रिकामा राहत होता. मी वर बीट किसत होते आणि खालून हसण्याखिदळण्याचा आवाज येत होता. मला काय झालं कोण जाणे. मी पातळ कापडाचा तुकडा बिटाच्या रसात बुडवला, वाळवला आणि खाली घेऊन गेले. झेंड्यासारखा वर धरून म्हटलं, "हा माझा!"

रंगकाम करणाऱ्या माणसासमोर बीट नेणं म्हणजे सोनाराकडे चॉकलेटची चांदी नेणं. बीट धुतलं की जातं, उन्हात जातं, नुसतं रागावून बघितलं तरी जातं. मला ते माहीत नव्हतं. जाऊबाईंनी माझे लाल हात बघितले, मग कापड बघितलं आणि म्हणाल्या, "लावू या की."

भाऊजींच्या अंगात आता मोजणीदार संचारला. त्यांनी गच्चीवर पालथ्या पडलेल्या धाकट्या भावाच्या पाठीवर पेनाने रेघा मारल्या, काटकोन तपासले, आलेखाच्या कागदावर पाठीचा नकाशा काढला, प्रत्येक चौकोनात कापडाचं नाव लिहिलं आणि कोपऱ्यात बाण काढून वर 'उत्तर' असं लिहिलं. जाऊबाईंनी चिकटपट्टीने चौकोन लावले. लागोपाठ दोन रविवार हे गच्चीवर पालथे पडून घोरत राहिले. डोकं पाण्याच्या टाकीच्या सावलीत, पाठ उन्हात, तीही ठरलेला वेळच. डॉक्टरीणबाईंना हे कळलं असतं तर त्यांनी आम्हा चौघांनाही रेकॉर्ड रूममध्ये कोंडलं असतं. तुम्ही असलं काही करू नका.

दुसऱ्या सोमवारी सकाळी आंघोळ करून हे स्वयंपाकघरात स्टुलावर बसले, आमच्याकडे पाठ करून. पाठीचा अगदी बुद्धिबळाचा पट झाला होता. काही चौकोन तांबूस, काही करपलेले, आणि खाली कमरेजवळ डावीकडे एक चौकोन असा गोरापान, की ऊन त्याच्या वाटेलाच गेलं नव्हतं.

"खालची ओळ, डावीकडून पहिला," भाऊजी म्हणाले आणि त्यांनी नकाशात बघितलं. मग चष्मा पुसून परत बघितलं. "बीट."

"काय?" मी ओरडले.

"बीट. धाकटीचं बीट. आणि सगळ्यात करपलेला आहे तो वरच्या ओळीत उजवीकडचा. म्हणजे..." त्यांनी बायकोकडे बघायचं टाळलं. "डाळिंब आणि लोहपाणी."

जाऊबाई पुढे आल्या. त्यांनी पाठ बघितली, नकाशा बघितला, बोलायला तोंड उघडलं. मग माझ्याकडे बघितलं. मी तेव्हा ओट्याला धरून उड्या मारत होते, हे मी कबूल करते. त्यांनी तोंड मिटलं आणि म्हणाल्या, "मग शर्ट तूच रंगव, धाकटे."

पुढचा आठवडा मी हरभऱ्याच्या झाडावर चढून बसले ते उतरलेच नाही. शेडमध्ये ठाण मांडलं. नऊ किलो बीट किसलं. जाऊबाई शेजारी उभ्या राहून तुरटीचं पाणी किती, आच किती, कापड कधी हलवायचं हे सांगत होत्या, आणि मी मधून मधून त्यांना सुधारत होते. होय, सुधारत होते! "निसर्गात कधी कधी साध्या गोष्टीच सरस ठरतात, जाऊबाई," असंही एक वाक्य मी बोलले, ते आठवलं की अजून कान गरम होतात. त्या नुसतं "हं" म्हणत होत्या. दुपारी आम्ही पातेल्याजवळ बसून चहा प्यायचो. त्यांना चहात आलं लागत नाही हे मला वीस वर्षांनी कळलं. कापड गुलाबी झालं. शर्ट त्यांनी शिवला, दार लावून. भाऊजी तो घालून माळावर रुजू झाले. गल्लीतली सगळी कुत्री त्यांच्यामागून गेली.

त्याच दिवशी माझी सुट्टी होती. मी कपडे धुवायला काढले. आमच्या ह्यांना बनियन दाराच्या मागे टाकायची सवय आहे, तिथे काही बनियनांना वर्षं होतात. त्यातलं एक काढलं तर त्याच्या उजव्या खांद्यावर, मागच्या बाजूला, गुलाबी डाग. चौकोनी. दुसऱ्या रविवारी गच्चीवरून उतरल्यावर, आंघोळीच्या आधी, यांनी घामेजल्या अंगावर हेच बनियन चढवलं होतं.

आता बघा. डाग उजव्या खांद्यावर. म्हणजे माझं बीट उजव्या खांद्यावर होतं. पण नकाशात बीट खालच्या ओळीत, डावीकडे. उजव्या खांद्याचा चौकोन तर सगळ्यात करपलेला!

मी बनियन हातात घेऊन गच्चीवर गेले. टाकीकडे बघितलं. टाकी दक्षिणेला आहे. यांचं डोकं टाकीच्या सावलीत होतं, म्हणजे डोकं दक्षिणेला आणि पाय उत्तरेला. आणि भाऊजींच्या नकाशात उत्तर वर. त्यांच्या नकाशात उत्तर वरच असते, जन्मात कधी खाली आली नाही. म्हणजे नकाशाची वरची बाजू ही यांची कंबर होती, आणि आम्ही मात्र बसलेल्या माणसाच्या मानेपासून वाचत गेलो. वरचं खाली, डावं उजवीकडे, सगळी पाठ उलटी वाचली. गोरापान चौकोन होता तो डाळिंबाचा, आणि करपलेला होता तो माझा.

मी पहिलं काय केलं असेल? बनियन साबणात बुडवलं. खरं सांगते. डाग गेला तर कोणाला कळणार, असं माझ्या मनात आलं, आणि मी तो खसाखसा घासला. घासता घासता घड्याळाकडे बघितलं. साडेअकरा. माळावर ऊन चढलं असणार आणि भाऊजी दुर्बिणीवर वाकले असणार. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, आणि इथे तर भाऊजींच्या पाठीवर उजाडणार होतं. ओलं बनियन आणि पलंगावरची जाड चादर घेऊन मी तशीच निघाले. रिक्षावाल्याने कुठे जायचं विचारलं तर मी "पाठ!" म्हणाले.

माळावर भाऊजी वाकलेलेच होते. घामाने शर्टाचा गुलाबी रंग काखेतून उतरून पँटवर आला होता. मी धावत गेले आणि मागून त्यांच्यावर चादर टाकली.

"धाकटे," चादरीच्या आतून आवाज आला, "तू रेषेत उभी आहेस."

"भाऊजी, शर्ट काढा! नको, काढू नका! सावलीत चला! बीट खोटं आहे!"

मी बनियन दाखवलं, टाकी सांगितली, दक्षिण-उत्तर सांगितलं. काठी धरलेला माणूस काठी टेकवून ऐकायला आला. भाऊजींनी खिशातून नकाशा काढला (तो त्यांच्या खिशातच होता), सूर्याकडे बघितलं, डोळे मिटून जरा वेळ हिशोब केला आणि म्हणाले, "नकाशा बरोबर आहे. माणूस उलटा झोपला होता."

"पण पाठ भाजतेय ना तुमची!"

"छे. पाठ गार आहे. शर्ट जड आहे थोडा. हिने आतून अस्तर लावलंय, टिकाऊ होतो म्हणाली."

मी कॉलर उलटी केली. आत घट्ट विणीचं राखाडी काळं कापड होतं. पाठीला, खांद्यांना, बाह्यांना, टाके बारीक आणि जवळजवळ. डाळिंब आणि लोहपाणी. मी दुसऱ्या रिक्षाने घरी आले. येताना माझा राग कोणावर आहे हे मला ठरवता येत नव्हतं.

जाऊबाई शेडमध्ये कांद्याची सालं निवडत होत्या. मी बनियन त्यांच्यापुढे टाकलं.

"तुम्हाला माहीत होतं."

"चौकोन मीच लावले ना गं," त्या म्हणाल्या. "कुठला कुठे आहे हे मला कशाला नकाशात बघावं लागतंय?"

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत? मला आठवडाभर नाचू दिलंत! नऊ किलो बीट!"

त्या सालं निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "वीस वर्षांत तू शेडच्या दारातून कधी आत आली नाहीस. त्या दिवशी हात लाल करून आलीस, हसत. मला वाटलं, आता खरं सांगितलं तर ही परत यायची नाही." एक साल बाजूला टाकत त्यांनी पुढे म्हटलं, "यांच्या पाठीची काळजी मी घेतली होती. तुझं बीट वरून राहिलं तर काय बिघडणार होतं? एकटीने चहा प्यायचा कंटाळा येतो गं."

मला रडू आलं आणि मी रडले. त्यांनी मला डोळे पुसायला हाताजवळचं कापड दिलं, ते नुकतंच मंजिष्ठेच्या लाल रंगातून काढलेलं होतं, आणि मी दोन दिवस वाचनालयात लाल गालांनी बसले.

दोन महिन्यांनी तपासणीला आम्ही चौघेही गेलो. डॉक्टरीणबाई एका वेळी एकच नातेवाईक आत सोडतात, म्हणून जाऊबाई आत गेल्या आणि आम्ही दाराला कान लावले. तोवर बिटाचा शर्ट विटून गेला होता. भाऊजींकडे डाळिंबाचे तीन शर्ट झाले होते, त्यातल्या एकाचं कापड मी रंगवलं होतं. आत खुर्ची सरकली. मग डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "पाठ स्वच्छ आहे. पत्र देत नाही. हेच कपडे घाला आणि टोपी विसरू नका."

भाऊजी बाहेर आले ते सरळ जिन्याकडे चालू लागले, कारण त्यांना अर्ध्या दिवसाचं काम अजून मिळण्यासारखं होतं. हे त्यांच्यामागे गेले. जाऊबाई मात्र बाहेर येऊन बाकावर बसल्या त्या उठेनात. मला वाटलं चक्कर आली. मी पाणी आणलं.

"अहो, गेले एकदाचे घराबाहेर," मी त्यांना हसवायला म्हटलं. "आता तुमची पातेली सुटली."

त्यांनी पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी धरला.

"पातेल्यांचं काय गं," त्या म्हणाल्या. "त्या पंधरा दिवसांत ते पहाटे उठून खिडकीशी उभे राहायचे. मी झोपेचं सोंग घ्यायचे. तळघरात बसवला असता तर माझा माणूस मेला असता, धाकटे. मी कोणाला सांगायचं होतं हे?"

"मला," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, बाहीकडे नाही, तोंडाकडे. मग पाणी प्यायल्या, डोळे पुसले आणि मला हाताला धरून उठल्या. खाली रसाच्या दुकानात सालांची पिशवी आमची वाट बघत होती आणि ती एकटीला उचलण्यासारखी नव्हती.